काचेतलं तेल

प्रिय,

पुढे नाव लिहिणार होते, पण हात वळला नाही. नुसतं 'प्रिय' राहिलं तेही सवयीने, त्यावरून भलता समज करून घेऊ नकोस. सोबतच्या खोक्यात सुकवलेल्या जेवणाची नवी पाकिटं आहेत. वन्संच्या हाती पाठवतेय, कारण तू माझा फोन उचलत नाहीस आणि सख्ख्या बहिणीला दारातून परत पाठवायची तुझी हिंमत नाही. सूचना शेवटपर्यंत वाचायची तुझी रीत नाही, म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगते. रविवारी माझ्या घरातून उचलून नेलेली पाकिटं खाऊ नका. एकही नाही. लेकीला तर हातही लावू देऊ नकोस. तुम्ही दोघं डोंगरात वर गेल्यावर पोट बिघडलं तर तिथे डॉक्टर नाही, आणि तुझं धूड खाली आणणं तिच्या एकटीच्या आवाक्यातलं नाही. एवढं वाचून पत्र घडी करून ठेवणार असशील तर ठेवू नकोस, बाकीचंही वाचायचं आहे.

रविवारी माझी दवाखान्यात कामाची पाळी असते हे तुला पाठ आहे, म्हणूनच ती वेळ साधलीस. किल्ली परत कर म्हणून सांगून माझी जीभ झिजली, पण तू दाद दिली नाहीस. संध्याकाळी जिना चढतानाच कळलं की काहीतरी बिनसलंय, कारण वरून आवाज येत नव्हता. जेवण सुकवायच्या मशीनचा पंप चालू असला की खालपर्यंत त्याची घरघर ऐकू येते, शेजारी त्यावरून माझ्या नावाने बोटं मोडतात. दार उघडून पाहते तर मशीन सताड उघडं, ट्रे रिकामे, पाकिटं सील करायचं यंत्र तसंच टाकलेलं, आणि मशीनच्या डोक्यावर तुझ्या चहाचा कप. कप उचलायचे कष्ट तू अख्ख्या संसारात घेतले नाहीस, तेव्हा त्याचं नवल वाटलं नाही. आत मक्याचं सूप आणि सफरचंदाच्या चकत्या होत्या. ते सगळं सोमवारी सुकून तयार होणार होतं आणि मी वन्संबरोबर पाठवणार होते. तसा निरोपही गेला होता.

मी सवयीने वाकून पंपाची काच पाहिली. तुला ती आठवत नसेल. पुढच्या बाजूला, कोटाच्या बटणाएवढी गोल काच, तिच्यावर दोन रेघा. तेल त्या रेघांच्या मध्ये हवं. कमी असलं तर पंप आतून घासतो, जास्त झालं तर धुरासारखं बाहेर फेकतो. शनिवारी मी ते बरोबर मधोमध पाहिलं होतं. रविवारी काच रिकामी. बरं, गळालं म्हणावं तर पंपाखाली मी वर्तमानपत्र पसरून ठेवते, त्यावर एक थेंब नाही. एवढं तेल गेलं कुठे? मग पंपातून मशीनकडे जाणारी नळी सोडवली, आत बोट घातलं, ते तेलाने माखून बाहेर आलं. मशीनच्या आतही तेलाचे ओघळ, खालच्या ट्रेवर तवंग. तेव्हा कळलं तू काय दिवे लावलेस ते.

मी तिथे नव्हते, तरी सगळं डोळ्यांसमोर दिसतं. तू घाईत होतास. मशीनचं दार ओढलंस, ते उघडेना. आतली हवा पंपाने काढून टाकलेली असते, म्हणून बाहेरची हवा दार दाबून धरते, पैलवान आणला तरी ते हलत नाही. इतकी वर्षं त्या मशीनच्या जिवावर मिरवलास, एवढं तरी ठाऊक असायला हवं होतं. तू सरळ प्लग ओढलास. आपल्या घरचा नियम काय होता? आधी खालचा कॉक हळूहळू उघडायचा, हवा आत शिरतानाची फुसफुस थांबू द्यायची, आणि मगच पंप बंद करायचा. उलटं केलं तर आतली पोकळी पंपातलं तेल वर ओढून घेते. तसं होऊ नये म्हणून पंपात एक झडप असते, पण आपली झडप झिजली होती. नवी बसवू या म्हटलं की तू म्हणायचास, चाललंय ना. त्या 'चाललंय ना'वर तू पंप ढकललास आणि संसारही. तेल नळीतून वर चढत होतं, त्याच्यामागून हवा आत शिरून दार सुटत होतं, तेव्हा तू बहुतेक चहा करत होतास.

हा पंप तूच आणलास, एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून. आणला त्या दिवशी चार मित्र बोलावून त्याचं कौतुक केलंस. पुढे पाकिटं विकायला लागलो तेव्हा गिऱ्हाइकांशी गप्पा तुझ्या, डोंगराच्या बढाया तुझ्या, आणि तेल माझं. ओलं काही सुकवलं की त्याची वाफ तेलात उतरते आणि मधासारखं तेल दुधाळ होतं. ते पंप गरम असतानाच खाली सोडून बदलावं लागतं, म्हणजे घाणही सोबत निघते. तसंच राहू दिलं तर पाणी तळाशी बसतं आणि आतून गंज धरतो. हे मी हात पोळून शिकले. तू पाहुण्यांसमोर मला पंपवाली म्हणायचास, सगळे हसायचे. मीही हसायचे, त्याचा आज संताप येतो. लेक मात्र हसायची नाही. ती माझ्या शेजारी उकिडवी बसून तेलाखाली डबा धरायची. घरघर जड झाली की अभ्यास सोडून हाक मारायची, आई, पंप दमलाय, तेल बघ. तिच्या दप्तरालासुद्धा त्या तेलाचा वास यायचा आणि वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या.

आता पाकिटांचं. तू नेलेल्यात माझी आधीची चांगली पाकिटंही मिसळलीस, हे मला माहीत आहे. माझ्या सीलची कड सरळ असते, तुझी वाकडी. तरी निवडत बसू नकोस, तुझ्या निवडीवर माझा भरवसा नाही. गरम पाणी घातलं की वास उडून जातो, असं तू वन्संना म्हणालास म्हणे. वास उडेल, तेल उडणार नाही. शिवाय सूप अर्धवट सुकलेलं होतं. ते तसंच बंद केलं की पाकिटात आतल्या आत सडतं. सगळं फेकून दे. मी झडप बदलून घेतली, ताज्या तेलाने पंप दोनदा आतून धुतला, वरचं छोटं झाकण सैल ठेवून तो नुसताच चालवला, म्हणजे तेलात उरलेली वाफ निघून जाते. मग सूप नव्याने लावलं. प्रत्येक ट्रे काढून मधोमध बोट दाबून पाहिलं, कुठे गार, म्हणजे अजून ओलं, लागत नाही ना. खोक्यात दोघांना पुरेल एवढं आहे. तू एकटा जाणार असतास तर मी एवढा खटाटोप केला नसता, आणि हे पत्रही लिहिलं नसतं. किल्ली वन्संकडे दे.

मी तुला घराबाहेर काढलं, ही तुझी गोष्ट लेकीला पाठ आहे. तू गेलास की मी काढलं, तो वाद मी सोडून दिला. ती तुझ्याकडे राहते, माझ्याशी बोलत नाही, तेही गिळलं. पण मंगळवारी तिचा फोन आला. कित्येक महिन्यांनी. मी पंप धूत होते, तेलाचे हात अंगावरच्या कपड्यांना पुसून फोन घेतला. ती म्हणाली, "आई, पाकिटांना पंपाचा वास येतोय. तू मुद्दाम केलंस ना?" मी तोंड उघडेपर्यंत फोन बंद झाला. पण त्याआधी मला तुझा खोकला ऐकू आला. तू तिच्या शेजारी उभा होतास, तिने काय विचारलं ते तू ऐकलंस आणि गप्प राहिलास. आईने आपल्या जेवणात तेल कालवलं, हे मनात घेऊन ती डोंगर चढणार आहे. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल. या पत्रातल्या शिव्या तुझ्या, त्या तुझ्याजवळ ठेव. तिला फक्त एवढं सांग की कॉक न उघडता प्लग तू ओढलास. बाकी काही समजावू नकोस. तेल कुठून कुठे गेलं, ते तिचं तिला कळेल.

तुझी कुणी नाही,
तिचीच,
आई