गाळलेल्या सात नोंदी

मी, दादासो धुळा कोळेकर, वय एकसष्ट, निवृत्त प्राध्यापक, मूळ गाव कवठे महांकाळ, हल्ली राहणार सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. हृदय कमजोर आहे, डोके नाही. कोणी भरीस घातलेले नाही.

१. कवठ्याची सहा एकर कोरडवाहू जमीन पुतण्या सिद्धू याला. त्याच्या बापाने मेंढरे विकून मला शिकवले.

२. माझ्या सर्व वह्या माझे विद्यार्थी, आता प्राध्यापक, कृष्णात साळुंखे यांना. नळीतून पाणी आणि वाफ एकत्र वाहताना उष्णता कशी नेतात, या एकाच प्रश्नावर मी बावीस वर्षे घालवली. नवव्या वहीतील सात नोंदी माझ्या सूत्रात बसेनात. प्रवाह मंदावला की पाणी अडखळे आणि नळी एकदम तापे. यंत्राचा दोष समजून मी त्या गाळल्या. सूत्र छापून आले, पदक मिळाले. कृष्णातने त्या नोंदी छापाव्यात. मला सांभाळून घेऊ नये.

३. राहते घर वडूजच्या हरणाबाई कोंडीबा गोरड यांना. सिद्धूने हरकत घेऊ नये. १९७१ साली एका साखर कारखान्याच्या बॉयलरच्या नळ्या माझ्या सूत्रावरून ठरल्या. हरणाबाईंचा नवरा कोंडीबा त्या बॉयलरवर कामाला होता. मी पाहणीला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सायेब, मदली नळी ठोकं देती. पाणी आत थांबतंय." मला नववी वही आठवली. तरी म्हणालो, "गणितात तसं बसत नाही." पाचव्या दिवशी नळी फुटली. कोंडीबा वाफेने भाजून गेला. चौकशीत दोष त्याच्यावर ठेवला, मी गप्प बसलो. तेव्हापासून चहाचे आधण ठेवले तरी ते ठोके ऐकू येतात. घरात स्टोव्ह पेटत नाही, डबा खानावळीतून येतो.

४. "बोलू नका, कॉलेजचं नाव जाईल," असे प्राचार्य हंबीरराव तेव्हा म्हणाले होते. मलाही तेच ऐकायचे होते. तरी माझ्या शोकसभेत त्यांनी भाषण करू नये.

५. गेल्या महिन्यात वडूजला जाऊन हे सारे हरणाबाईंना सांगितले. त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "ठोक्याचं मालकांनी मला घरी सांगितलं व्हतं. सायबाच्या कानावर घातलंय, म्हणालं. तुमी कवा येताय, त्येच बघत व्हते." घर नको म्हणाल्या. "कागदावर त्यांची चूक लिवलीया, तेवढी पुसा."

घर तरीही त्यांचेच. आणि या कागदाची एक प्रत, सात नोंदींसह, मी आज स्वतः बॉयलर निरीक्षकांच्या कचेरीत नेऊन देत आहे. मरेपर्यंत थांबणार नाही.

सही: दादासो धुळा कोळेकर

आमच्यासमक्ष सही केली:
१. नानासो तात्याबा खरात
२. लीलाबाई सयाजी पाटील

सांगली, ९ नोव्हेंबर १९७७