भिंतीखालचा पाइप

शनिवार, सकाळ

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडचं ठीक आहे हे कुकरच्या शिट्टीवरून कळतं, त्यामुळे खुशाली विचारत नाही. भिंतीपलीकडच्या जावेला पत्र लिहिणारी मी पहिलीच बाई असेन. पण बोलायची सोय आपल्या नवऱ्यांनी ठेवलेली नाही, तर काय करणार!

मुद्द्यावर येते. माझं सिंक पुन्हा तुंबलंय, म्हणजे तुझंही तुंबलं असणार. वाटणी करताना दोघा भावांनी स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घातली, कपाटं वाटली, खिडक्या वाटल्या. जमिनीखालचा सांडपाण्याचा पाइप मात्र कुणाच्या लक्षातच आला नाही. तो एकच राहिला. मी इकडून रबरी पंप मारते, की घाण तुझ्या सिंकमध्ये वर येते. तू मारतेस, की माझ्यावर घासलेली भांडी पुन्हा घासायची पाळी. मग भाऊजी दारात उभे राहून ओरडतात, "यांच्या तेलाने तुंबतं!" आमचे हे इकडून, "त्यांच्या चहाच्या चोथ्याने!" दोघांपैकी एकानेही आजवर सिंकखाली वाकून बघितलेलं नाही.

मी बघितलं. काल दुपारी पदर खोचला, बादली लावली आणि सिंकखालचा, गाळ साठतो तो प्लास्टिकचा कप फिरवून काढला. शी, काय तो वास! आतून काळा गोळा निघाला, तो काडीने फोडून पाहिला. माझं थिजलेलं तेल आणि तुझा चोथा, एकमेकांना घट्ट धरून बसलेले. तेव्हा गुन्हेगार दोघी. निम्मा गुन्हा मला कबूल.

भाऊजींनी उद्या प्लंबर बोलावलाय, फरशी फोडून तुमचा पाइप वेगळा करणार, असं ऐकलं. करा बापडे. मला काय त्याचं? एकदाची कटकट मिटेल.

हे लिहून उठले, चहा केला, प्यायले आणि परत बसले. खोटं लिहिलंय. मला त्याचं बरंच काही आहे.

काल कप काढल्यावर त्या उघड्या पाइपमधून तुझा आवाज आला. इतका स्वच्छ, की मी दचकले आणि डोकं ओट्याला आपटलं. टेंगूळ आहे अजून. म्हणजे तूही तुझा कप काढून माझ्यासारखीच गुडघ्यांवर बसली होतीस. तुझ्या छकुलीला म्हणालीस, "मोठी आई असती ना, तर चुटकीसरशी काढलं असतं. मला मेलीला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही." आणि नाक ओढलंस. ते सर्दीचं नव्हतं. तुझी सर्दी मला कळते, एका ओट्याशी इतकी वर्षं काढलीत आपण.

मी तोंडावर हात दाबून बसून राहिले. ओ द्यायला हवी होती, दिली नाही. भांडण त्यांचं आणि अबोला आपला, आहे की नाही गंमत! तू आणि मी कधी कशावरून भांडलो, आठवून सांग बघू.

तर आता मी सांगते तसं कर. दुपारी दोघे झोपले, की कप घट्ट बसव, आतली रबराची चकती विसरू नकोस. तू विसरतेस. मग ओलं फडकं घडी करून तुझ्या सिंकच्या भोकावर तळहाताने दाबून धर, अगदी जोर लावून. मी इकडून पंप मारते. तुझ्याकडची वाट बंद झाली, की घाण मुकाट्याने पुढे जाईल. दम लागला की अदलाबदल, तू मार, मी धरते. हे एकटीचं कामच नाही, म्हणून तर सारखं तुंबतंय.

प्लंबर आला तर पाणी वाहतंय म्हण आणि परत पाठव. भाऊजी चिडले तर माझं नाव सांग, मला ते अजून घाबरतात. पण पाइप वेगळा करू देऊ नकोस, धाकटे. आपल्या दोन घरांत एकत्र असं तेवढंच उरलंय आणि मला ते हवंय.

माझा कप मी अजून बसवलेला नाही. तुझा बसवायच्या आधी एकदा खाली वाकून हाक मार. या वेळी ओ देईन.

तुझीच,
मोठी