तीन ओळी आणि मामांचा होकार

तीर्थरूप अपेनिसामामांच्या चरणी सुवाहून तुमच्या इसिकेलीचा गुडघे टेकून नमस्कार (खरोखरच टेकले आहेत, खोलीतली खुर्ची मोडली). मामींची कंबर, दालोच्या कंदांचं पीक आणि ती खोडकर डुकरीण, सगळ्यांची खुशाली कळवावी. मी मजेत आहे. हे पत्र निव्वळ आनंदाचं आहे, काही मागायला लिहिलेलं नाही. आधीच सांगतो, कारण माझं पत्र आलं की मामी कोंबड्या कोंडतात असं कानावर आलंय.

आनंद असा, की मी इंटरनेटच्या कोडमध्ये हात घातलाय. राउटरच्या पोटात चालणारा हा कोड जगभरची माणसं मिळून फुकटात लिहितात आणि कोणीही त्यात सुधारणा सुचवू शकतं (आपण गावात मिळून छप्पर शाकारतो ना, तसंच, फक्त शेवटी जेवण नसतं). त्यातली एक खोड मला सापडली. पलीकडून उत्तर यायला सेकंदाहून जास्त लागलं की तो हात झटकून मोकळा होतो. जर्मनीत बसून लिहिणाऱ्याला सेकंद म्हणजे युग वाटत असेल. आपल्या फिजीच्या बेटांवर पावसात उपग्रहावरून उत्तर निघतं ते दम खात येतं, आणि तोवर याने आशा सोडलेली असते. मी तीन ओळी लिहून त्याला धीर धरायला शिकवलं. या शुक्रवारी नव्या आवृत्तीचं दार बंद होतं. त्याआधी माझ्या ओळी आत गेल्या, तर दुनियेतल्या किती घरांत तुमच्या भाच्याची अक्कल चालेल, या विचाराने मला घास जात नाही (हे मामींना सांगू नका). नाही गेल्या, तर बसा पुढच्या आवृत्तीची वाट बघत.

माझा वर्गमित्र रोनील म्हणाला, "अरे, नुसता बदल पाठव आणि गप्प बस." पण परक्याच्या दारात तोंड न उघडता शिरायचं, हे तुमच्या भाच्याला कसं जमावं? तुम्ही सरदारांपुढे भेटीची यांगोनाची मुळं ठेवताना बोलता तसंच मी आधी लिहिलं: सगळ्या वडीलधाऱ्यांची विचारपूस, त्यांच्या पूर्वजांना वंदन, माझी पायरी लहान असल्याची कबुली, आणि मानाचा देवमाशाचा दात ईमेलला जोडता येत नाही म्हणून क्षमा. दोन पानं झाली. त्याखाली तीन ओळी. या कोडची राखण करणारा हेंड्रिक नावाचा एक जर्मन गृहस्थ आहे, त्याचं उत्तर आलं, "तब्येत बरी आहे. बदल कुठे आहे?" रोनील हसता हसता बाकावरून पडला. म्हणाला, "मामांना पाठवायचंस की रे, निदान टाळ्या तरी मिळाल्या असत्या." मी जड मनाने पूर्वज गाळले, मग देवमासाही गाळला. तेव्हा कुठे हेंड्रिकला ओळी दिसल्या. आवडल्याही असाव्यात, कारण त्याने एवढंच विचारलं की हे कोणी प्रत्यक्ष चालवून पाहिलंय का. पाहिलं असेल त्याचं नाव खाली घाल. मी एका भारदस्त माणसाचं नाव ईमेल पत्त्यासकट घातलं. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, डुकरिणीला नुसती आठवण.

तुमचा लाडका,
इसिकेली

ता. क. ते नाव तुमचं आहे. रागावू नका. भाच्याने मामाच्या दारातलं काहीही न विचारता उचलावं, ही आपली रीतच आहे. थोरल्या दादाने डुक्कर नेलं तेव्हा तुम्ही हसलात, मी तर नुसतं नाव नेलं. शिवाय त्यात खोटं काही नाही. नाताळात मी तुमचा राउटर पुसायला म्हणून घेतला, तेव्हाच नवा कोड आत घातला होता. तेव्हापासून भर पावसातही सिडनीच्या ताईचं बोलणं तुटत नाही. मामी त्याचं श्रेय पाद्रीबुवांच्या प्रार्थनेला देतात, हे मला ठाऊक आहे. पण आता हेंड्रिक तुम्हालाच विचारणार आहे आणि माझा सगळा जीव त्यात अडकलाय, मामा. "चालतं", एवढंच लिहा. प्रार्थनेचं काढू नका.

ता. क. दुसरा. आत्ताच पाहिलं, हे पत्र धाडायच्या आत त्याने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही त्याला उत्तर धाडलंतसुद्धा. चांगलं चार पानी, त्याच्या पूर्वजांपासून. प्रार्थनाही सविस्तर घातलीत. हेंड्रिक लिहितो की एवढ्या पावसातली चाचणी त्याला आजवर कोणी दिली नव्हती, तीन ओळी घेतल्या. मी असा ओरडलो की घरमालकीण धावत वर आली, तिलाही मिठी मारली. मात्र त्यांच्यात एका वेळी एकच सुधारणा चालते, तेव्हा प्रार्थना वेगळी पाठवावी, असं त्याचं म्हणणं आहे. पाद्रीबुवांचा ईमेल पत्ता तेवढा कळवा.