मानेवरची बारीक गाठ

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (मान न वाकवता, कारण पुढे येईलच). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत प्रत्येकाला शब्द वाटून देतात, हे तुला ठाऊक आहेच. या खेपेस संपादकांनी मला 'बारीक' दिला. मी मनात हसलो. एवढासा शब्द, दोन दिवसांचं काम. पण तो संपायलाच तयार नाही. पीठ बारीक असतं तसा तापही बारीक असतो. गॅस बारीक करतात, डोळे बारीक करतात, केस बारीक कापतात, आणि साहेबांनी झापलं की तोंडही बारीक होतं. (माझं झालं. एकोणीस अर्थ नेऊन दाखवले, तर म्हणाले अजून शोधा.)

अशात गेल्या सोमवारी दाढी करताना डाव्या कानाखाली हाताला काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं. अर्धी दाढी तशीच ठेवून दवाखाना गाठला. (वाटेत ओळखीचे तिघे भेटले, एकानेही दाढीबद्दल विचारलं नाही. चेहराच तसा झाला असावा.) डॉक्टरांनी बराच वेळ चाचपलं आणि म्हणाले, "बारीकशी गाठ आहे. बारीक लक्ष ठेवायला हवं." एका दमात दोन बारीक! पहिला खरा असेल तर दुसरा कशाला? मी चाचरत विचारलं, बारीक म्हणजे नक्की कोणत्या अर्थी? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, गाठीत सुई घालून काहीतरी काढलं, ते तपासायला पाठवलं आणि वर झोपेची गोळी लिहून दिली.

तेव्हापासून घास उतरत नाही. कचेरीत शब्दांची कार्डं पुढ्यात असतात आणि हात मानेवर. घरी माळा आवरला, विम्याचे कागद फाइलीत लावले, हिच्यावर एकदाही आवाज चढवला नाही. रिपोर्ट परवा आला. पाकीट टेबलाच्या खणात आहे. आलं तसं न फोडता ठेवलं, त्यानंतर खण उघडलेला नाही. हिला यातलं काही सांगितलेलं नाही, उगाच घाबरेल.

मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : खरं सांगायचं तर ते पाकीट याच पत्रासोबत धाडतो आहे. तू वाच आणि फोन न करता सरळ निघून ये. दारात तुझा चेहरा पाहिला की मला कळेल.

आणखी ता. क. : पाकीट घ्यायला खण उघडला, तर ते फोडलेलं. हिला विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "परवाच वाचलं. चरबीची गाठ आहे, काही करायचं नाही." मग सांगितलं का नाही? तर म्हणे, "इतके शहाण्यासारखे वागत होतात. म्हटलं, खिडक्याही पुसून होऊ देत." तेव्हा ताई, यायची घाई नको. पाकीट मात्र फार वेडंवाकडं फाटलं आहे. एरवी ही दुधाची पिशवीसुद्धा कात्रीने सरळ कापते.