सरकारी सभासदाचं मत

सिंगापूर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुरेखा,

पाकीट बघून दचकू नकोस, मी आणि तुझी लेक, दोघंही ठणठणीत आहोत. बीपीची गोळी वेळेवर घेतो. तू दिलेल्या मेतकुटाचा गार्गीने पहिल्याच आठवड्यात फडशा पाडला. तुझा गुडघा काय म्हणतो? जिना दिवसातून एकदाच उतरतेस ना?

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. इतकी वर्षं शाळा चालवलेल्या मुख्याध्यापिकेची ती सवय जायची नाही. शेजारच्या नीताताईंचा प्रताप, इथे जुरोंग आयलंडवर नोकरीला आहे तो, शुक्रवारी पुण्याला येतोय. त्याच्या हाती देतो. शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल.

माझा वेळ बरा जातो. गार्गी सकाळी इथल्या मेट्रोने ऑफिसला जाते, मी खालच्या कट्ट्यावर चिनी आजोबांशी खाणाखुणांनी गप्पा मारतो आणि दुपारी तिचं लिखाण वाचतो. ती नेमकं काय करते हे मला आजवर धड ठाऊक नव्हतं. तुलाही नाही, कबूल कर. दीडशे वर्षांपूर्वी इथे इंग्रज गव्हर्नरचं एक कायदेमंडळ होतं. दरवर्षी तिथे बजेट मांडलं जायचं, त्यावर चर्चा व्हायची आणि ती छापून ठेवली जायची. त्या चर्चांवर ती पुस्तक लिहितेय. मला वाटलं होतं, वाचता वाचता झोप लागेल. पण अगं, पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला सगळं ओळखीचं निघालं! रस्त्याचे पैसे पुढच्या वर्षावर ढकलायची कला आपल्या साहेबांनी यांच्याकडूनच उचलली असणार.

खरी गंमत मतदानाची. मंडळात थोडे व्यापारी असायचे आणि त्यांच्याहून जास्त सरकारी अधिकारी. व्यापाऱ्यांनी हवं ते बोलावं, पण अधिकाऱ्यांनी मत द्यायचं ते गव्हर्नर सांगेल तिकडेच. मागच्या रविवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, डोसा खाता खाता गार्गीने मला एक किस्सा सांगितला. एका व्यापाऱ्याने एका पुलाच्या दुरुस्तीला पैसे मागितले. मंडळातला सरकारी इंजिनिअर उठला आणि पूल कसा धोक्याचा झालाय ते त्याने तपशीलवार पटवून दिलं. मग मतं घेतली, तर या गृहस्थाचं मत दुरुस्तीच्या विरोधात! मी इतका हसलो की ठसका लागला.

गार्गी हसली नाही. म्हणाली, "बाबा, हसताय काय? आपल्या घरात तो इंजिनिअर तुम्हीच आहात."

तू मला इकडे कशासाठी पाठवलंस ते तिने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं म्हणे. मार्चमध्ये तिचा करार संपतो, इथली संस्था आणखी तीन वर्षं देऊ करतेय, ती तिने नाकारावीत आणि पुण्यात तू बोलून ठेवलेली कॉलेजची नोकरी धरावी, हा तुझा निरोप. निघताना तू मला विचारलंस, "पटतंय ना?" आणि मी मान डोलावली. ऑफिसात वरून आलेल्या फायलीवर 'सहमत' लिहून सही करायचो, तशीच.

तेव्हा कुठे मी तिला विचारलं, "गार्गी, तुला काय हवंय?"

तिने चमचा खाली ठेवला. "घरात हे मला पहिल्यांदाच कोणी विचारतंय. मला हे पुस्तक पूर्ण करायचंय, बाबा. ते इथेच होईल. आईला एकटं वाटत असेल तर तिने तसं सांगावं, मी सगळं सोडून येते. पण ती तसं म्हणतच नाही. ती म्हणते पेन्शन, ती म्हणते तिथली हवा तुला मानवत नाही."

सुरेखा, मी तिला "राहा" म्हटलं. गोंगाटात तिला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं. बुधवारी तिने संस्थेला होकार कळवला. म्हणजे हे पत्र तुला विचारण्यासाठी नाही. सांगण्यासाठी आहे. रागाव, तुझा तो हक्क आहे.

पण एक सांगू? तू दर शनिवारी तिच्या खोलीतला पंखा पुसतेस. तिथे कोणी झोपत नाही, तरी पुसतेस. मी बघतो आणि पेपर वर धरतो. मलाही ती हवी आहे गं. दिवेलागणीला आपलं घर मला खायला उठतं. तुला सांगितलं नाही, कारण मग तूही काहीतरी सांगशील आणि दोघांनाही ते झेपणार नाही, असं वाटायचं. तिच्या भल्याचं नाव पुढे करून आपण आपलंच मागत होतो.

आता एक कर. तिला फोन कर. कॉलेज नाही, पेन्शन नाही, नुसतं "तुझी आठवण येते" एवढं म्हण. तुझ्या तोंडून तिने ते कधी ऐकलेलंच नाही. ऐकलं की ती "येते" म्हणेल. तेव्हा "नको, पुस्तक पूर्ण कर" हेही तुलाच म्हणावं लागेल. माझा भरवसा धरू नकोस. ती एकदा "येते" म्हणाली, तर पुन्हा "राहा" म्हणायचं बळ माझ्यात नाही.

विरोधात मत दिलं तरी तुझाच,
हेमचंद्र