मोगऱ्यासारखी छाटलेली वेल

पप्पा, सगळं बदललं ते आज सकाळी. विहिरीजवळच्या वेलीला फूल आलं.

बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी सुट्टीवर येताना ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली ती वेल. फिलिपिन्सच्या बेटांवर, डोंगरातल्या रानात होते म्हणायचे. तुम्ही तिला मांडवावर चढवलंत आणि दर थंडीत मोगऱ्याची छाटणी आली की तिलाही तशीच खालपासून साफ करायचात. "छाटल्याशिवाय फूल धरत नाही, हे वसईच्या वाडीवाल्याला शिकवू नकोस." पावसात वेल मांडव भरून टाकायची. फुलायची मात्र नाही.

आई आधीच गेलेली, घरात आपण दोघंच. कॉलेज अर्ध्यात सोडून आलो त्या दिवशी तुम्ही कात्रीला धार लावत होतात. मी भडकून म्हणालो, मला एक मुलगी आवडते, नायगावला तिच्या घरी मागणी घालायला चला. तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. "एवढंच शिकलास काय रे तिथे? या वेलीला फूल येऊ दे, मग जातो." मी बादली लाथाडली. पण नंतर रोज वेलीखाली मान वर करून उभा राहायचो, आणि तुम्ही ते बघायचात. एकदा शेजारच्या काकूंना सांगताना ऐकलं, "सूट इस्त्री करून ठेवलाय. वेलीनं दगा दिला तरी नाताळानंतर जाणारच आहे मी." नाताळाआधीच गेलात.

तुमच्यानंतर छाटायला माझा हात धजला नाही. कात्रीच्या मुठीवर तुमच्या अंगठ्याचा खळगा आहे अजून. वेल माजली, जून झाली, आणि आज त्या जुन्या खोडालाच घोस लोंबतायत. पोपटाच्या चोचीसारखी फुलं, उन्हातल्या खाडीचा हिरवा-निळा रंग. कोवळ्या फुटीवर एकही नाही. म्हणजे दर वर्षी आपण फूलच कापत होतो, पप्पा.

एवढी वर्षं नायगावची ती माझ्यासाठी थांबली. काल फोनवर म्हणाली, "उद्या चर्चमधल्या मिस्सानंतर दुसरीकडचे मागणी घालायला येतायत. बाबा हो म्हणतील. तुझ्याकडून कोण येणार?" काका बोटीवर. शेजारच्या काकू म्हणतात, "मुलगा काय स्वतःच मागणी घालायला जातो? हसतील रे लोक." हसू देत.

आज पहिल्यांदा तुमची कात्री खुंटीवरून काढली, एक घोस उतरवला. तुमचा सूट घातलाय, खांद्यात सैल होतो. सगळे मला तापट म्हणतात. तुम्हाला म्हणून सांगतो, एकट्यानं जायची भीती वाटते. फूल हवं होतं ते तुम्ही पुढे चालावं म्हणून.

हे पत्र कपाटात, सूट टांगायचा तिथेच ठेवतो. मिस्साची घंटा झाली. निघालो, पप्पा. दार ओढून घेतो.