ऊन दाखवलेला दगड

४ एप्रिल, शुक्रवार

आले बाई एकदाची कर्वेनगरात. मांजरी गावातलं आमचं घर पाडून नवं बांधायला घेतलंय माझ्या मुलाने, सुखदेवने. तोवर माझा मुक्काम त्याच्या मुलीकडे, निकिताकडे. ती इथे भाड्याने राहते आणि दगडांवर पीएच.डी. करते. लहानपणी खिशात खडे भरायची म्हणून मी तिला धपाटे घालायचे. आता त्याच खड्यांसाठी सरकार तिला शिष्यवृत्ती देतं. म्हणजे धपाटे चुकीच्या पोरीला बसले म्हणायचे.

घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये एक बाई बोलते, दरवाजा बंद करा म्हणून दर मजल्याला टोचते. तिला म्हटलं, करते गं, दम धर. निकिता भिंतीला टेकून हसत होती.

आणि गॅलरीत काय ऊन आहे! दहा ते दोन नुसतं लखलखीत. एवढ्या उन्हात ही पोरगी एक ओढणी वाळत घालते. परवा रविवारी साबुदाण्याच्या पापड्या घालणार.

ही रोजनिशी तिच्याच हौसेची. आपण बोलायचं, फोन लिहितो. मोतीबिंदूमुळे आजीला लिहायला त्रास होतो, असं तिला वाटतं. हे कधी उघडून वाचणार नाही अशी शपथ घेतलीय तिने, म्हणून खरं ते सांगते. मला अक्षर येत नाही. पन्नाशीत साक्षरता वर्गाला गेले होते, ते खरं. पण सही सोडून काही चिकटलं नाही, आणि तीही मी मोर काढावा तशी काढते. घरी मात्र पेपर तोंडासमोर धरून बसायचे. सुखदेवच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग कसं सांगायचं? बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांचं कपाट असलेलं आमचं घर. निकिता तर शाळेपासून जगाला सांगत आलीय, माझी आजी पन्नाशीत वाचायला शिकली.

असो. आज आनंदाचा दिवस आहे.

५ एप्रिल, शनिवार

निकिता दुपारी एक काळी डबी घेऊन आली. तिच्या विभागाच्या संग्रहालयातली. तिथे विजेचं काम निघालंय, म्हणून दोन दिवस घरी. नियमात बसत नाही, पण संग्रहालय सांभाळणारे दिगंबरराव भले माणूस आहेत, त्यांनी वहीत नोंद न करता विश्वासावर दिली म्हणे.

मला कौतुकाने सांगत बसली. मांजरीला एका नव्या इमारतीसाठी खोल खणताना काळ्या चिकणमातीत माणसाचं मांडीचं हाड निघालं, फार जुनं, त्याला चिकटून लोखंडी कडं. त्या हाडाच्या पोकळीत स्फटिक वाढलेत. हाडातून फॉस्फरस आला, कड्यातून लोखंड, मातीतून पाणी, आणि शेकडो वर्षांत त्यांचं मिळून खनिज झालं. वर्ग फॉस्फेट, कुळ व्हिव्हियनाइटचं. म्हटलं, दगडांनाही वर्ग आणि कुळ? त्यांना तरी सोडायचं होतं! ती हसली, पण तिचं म्हणणं असं की या कुळात लोखंडाऐवजी दुसरा धातू जास्त निघाला तर खनिज वेगळं ठरतं, फार दुर्मिळ. तिला तसा संशय आहे. सोमवारी तिच्या मार्गदर्शक सरांसमोर तपासणी. तिची चार वर्षं या डबीत आहेत.

आणखी बरंच सांगितलं. इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो. एकाच दिशेने पापुद्रे सुटतात. पापुद्रा वाकतो, पण वाकला की परत सरळ होत नाही. माणसाच्या अंगातही तोच माल आहे, रक्तात लोखंड, हाडात फॉस्फरस, बाकी पाणी. मी म्हटलं, मग मलाही ठेव डबीत.

तेवढ्यात तिला फोन आला. उठता उठता झाकणावरची चिठ्ठी दाखवून म्हणाली, आजी, बाकीचं यावर लिहिलंय, मराठीत, मोठ्या अक्षरांत, खास तुझ्यासाठी. वाचलंस ना? मी चिठ्ठीवरून नजर फिरवली आणि मान डोलावली.

६ एप्रिल, रविवार

निकिता सकाळीच मांजरीला खड्डा बघायला गेली. मी पापड्या घातल्या. डबीशी वाकले तर कुबट ओला वास, बंद विहिरीसारखा. झाकण जरा उचललं तर आत फडकंही ओलसर. आमच्याकडे अशा वस्तूला ऊन दाखवतात. डाळ असो, गोधडी असो, लोणच्याची बरणी असो. पोरगी विसरली असेल, आपण करून टाकू.

फडकं उलगडलं तर काचेसारखे स्वच्छ तुकडे. खरंच ओरखडा उठतो का म्हणून अंगठ्याचं नख लावलं. पापुद्रा सुटून नखात गेला. मग तुकडे ताटलीत घेऊन पापड्यांच्या शेजारी ठेवले.

बाराला पाहिलं तर कपड्यांच्या निळीचं पाणी द्यावं तसा रंग. वाटलं, माझे डोळे. दोनला आत घ्यायला गेले तर गर्द निळे.

पुसले. धुतले. फडक्यात गुंडाळून जसे होते तसे ठेवले. चिठ्ठी सरळ केली. म्हणजे सरळ केली असं मला वाटतं.

७ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी निकिता आली ती थेट जमिनीवर बसली. सरांसमोर लाल दिव्यात डबी उघडली आणि आत सगळं निळं. या खनिजाला उजेड चालत नाही. उजेड लागला की आतलं लोखंड बदलतं आणि रंग चढतो. परत अंधारात ठेवून काही उपयोग नसतो, चढलेला रंग उतरत नाही. मूळचं काय होतं ते आता कळायचं नाही.

मला विचारलं, आजी, तू नाही ना उघडलीस?

मी म्हटलं, एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंस, वाचलं ना मी. कशाला उघडेन?

तिने लगेच मान हलवली. अगं हो, तू तर वाचलं होतंस, म्हणाली. मग दिगंबररावांनीच देण्याआधी उघडली असणार. सरांना तर डबी घरी आल्याचं तिने सांगितलेलंच नाही. त्यांच्या लेखी डबी कपाटात होती आणि किल्ली दिगंबररावांकडे.

पापड्या तळू का विचारलं तिने, माझं मन रमावं म्हणून. नको म्हटलं.

९ एप्रिल, बुधवार

अंगठ्याचं नख निळं झालंय. आधी कडेला, आता पूर्ण. लिंबू लावलं, राख लावली. निकिताला सांगितलं की दारात चेंगरलं.

दुपारी गॅलरीत हात धरून बघितला. ज्या बाजूला ऊन होतं, त्या बाजूने रंग पेराएवढा खाली सरकला. मी बघत असताना सरकला.

पडदे ओढून घेतलेत. निकिताला म्हटलं, डोळ्यांना उजेड सोसत नाही. माझ्या मोतीबिंदूला बिचाऱ्याला किती कामं!

१० एप्रिल, गुरुवार

आज दिगंबरराव आले, जेवणाच्या सुट्टीत. निकिता नव्हती. कसब्यातले, अठ्ठावीस वर्षं त्या संग्रहालयात, जूनमध्ये निवृत्ती. मला आजी आजी करत होते, स्वतः साठीला टेकलेत तरी. म्हणाले, निकिताताईंना सांगा, मी डबी उघडली नाही, आणि डबी घरी गेली होती हे सरांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, पोरीचं नुकसान व्हायचं. फक्त घरी कुणाकडून चुकून उघडली का, एवढं त्यांनी बघावं. नाहीतर अठरा तारखेला चूक माझी असं लिहून द्यायला सरांनी सांगितलंय. अठ्ठावीस वर्षांत एक खडा हरवला नाही आजी, आणि जाताना हे लिहून जायचं.

मग खिशातून ती चिठ्ठी काढली. सरांच्या नजरेला पडण्याआधी त्यांनी झाकणावरून सोडवली होती. तिच्यावर आजी असं लिहिलंय ना, सरांना कळलं असतं. जपून ठेवा म्हणाले.

मी पडद्याच्या फटीकडे धरून वाचल्यासारखं केलं. चांगलं भुवया आवळून.

त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या हातातला कागद हळूच फिरवला. वरची बाजू वर केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहा संपवला, कप मोरीत विसळून ठेवला आणि गेले.

त्यांना कळलं. सगळं कळलं. आणि ते सांगणार नाहीत. एखाद्याने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

१२ एप्रिल, शनिवार

कोपरापर्यंत. दुखत नाही, गार पडतं. काल बांगडी काढताना मनगटावरून एक पापुद्रा सुटला, लांबट, काचेसारखा. खाली रक्त नाही. खाली आणखी एक पापुद्रा.

वाकवला. वाकला, आणि तसाच राहिला.

निकिताला दिवसातून दहा वेळा सांगायला जाते. ती स्वयंपाकघरात नाक ओढत काम करत असते. तोंड उघडलं की विचारते, काय गं आजी? आणि मी म्हणते, काही नाही, मीठ बघ.

कधी कधी वाटतं, मोड गं शपथ, वाच हे.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरी साडी नेसले, पदर हातावरून घेतला. निकिता सकाळी विहारात घेऊन गेली. तिने कौतुकाने ओळख करून दिली आणि मुलांनी पुस्तक पुढे केलं, आजी, दोनच ओळी वाचा. मोतीबिंदू म्हटलं तर एका मुलीने टॅबवर अक्षरं बोटाएवढी मोठी केली. सगळे टाळ्या वाजवत होते. म्हटलं, घसा बसलाय गं.

घरी येईपर्यंत खरंच बसला होता.

रिक्षात अर्धा तास ऊन लागलं. आरशात दात पाहिले. तोंड मिटून घेतलं.

१५ एप्रिल

आवाज निघत नाही. फोन ओठांना लावला की तो लिहितो, निकिता सांगते बरोबर उमटतंय, न वाचता सांगते, नुसतं लांबून बघून. माणसांना ऐकू जात नाही. ती डॉक्टरांकडे चल म्हणते. मी पांघरुणातून हात बाहेर काढत नाही.

ते हाड कुणाचं होतं? कडं लहान होतं म्हणाली. बाईचं असेल. तिला कुणी काय विचारलं होतं आणि ती काय बोलली नव्हती —

नको तो विचार.

१६ एप्रिल

अंधारात थांबतं. एवढं नक्की कळलंय. अंधारात बसून राहिले तर जिथे आहे तिथेच राहतं. पडदे, गोधडी, खिडकीला आडवी लावलेली कपाटाची फळी. जगता येईल अशी. गुपचूप.

आणि तो माणूस शुक्रवारी लिहून देईल.

१७ एप्रिल

निकिताने सांगितलं, उद्या बारा वाजता. दिगंबरराव मुकाट्याने सही करणार आहेत. म्हणाली, कबूल करतायत म्हणजे त्यांनीच केलं असणार ना, आजी?

मी मान — डोलावली. परत डोलावली. मानेतून करकर आवाज आला, पत्रा वाकवल्यासारखा. अजून सरळ होत नाहीये.

लाज वाटते. भीतीपेक्षा लाज जास्त वाटते.

१८ एप्रिल, शुक्रवार

निघालेय. निकिता पुढे गेली. रिक्षावाल्याला निकिताच्या कॉलेजची छापील पिशवी दाखवली. डोक्यावर पदर नाही घेतला. लागू दे ऊन.

रिक्षावाला आरशातून बघतोय. त्याने रेडिओ बंद केला.

गाल गेला. डावा डोळा — सगळं निळं दिसतंय त्याने.

जिना. बसत बसत चढले. पायरीवर माझे पापुद्रे पडलेत, मागे वळून नाही बघत.

खोली. मोठ्या खिडक्या. टेबल. सर, निकिता, दिगंबरराव. कागद त्यांच्या पुढ्यात आहे, पेन हातात आहे. सही झालेली नाही. नाही झालेली!

सांगते. डबी मी उघडली. दिगंबरराव, थांबा, डबी मी —

बघतायत नुसते. निकिता किंचाळली. सर विचारतायत, या कोण, काय म्हणतायत, आवाज का येत नाही. मी ओरडतेय. ओरडतेय की मी.

सरांनी कोरा कागद सरकवला. आजी, लिहून द्या म्हणतात. निकिता रडत रडत सांगतेय, हो सर, माझ्या आजीला लिहिता येतं.

दिगंबरराव मान खाली घालून बसलेत. त्यांनी पेन टेकवलं कागदावर. नका —

निकिता, इकडे बघ. हा फोन घे. वाच. पहिल्या दिवसापासून वाच, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. घे ना. धरलाय मी, सुटत नाही माझ्या हातातून. ओढ. जोराने ओढ, दुखत नाही मला. ओढ गं, बोटं — बोटं निघाली तरी —